‘मिलिटरीला बोलवा’ म्हणणाऱ्यांना

पावसाळा सुरू झाला की आमच्या शहापूर-मुरबाडकडे दोन गोष्टी न पेरता उगवतात. एक टाकळा आणि दुसरी, ‘हे काम मिलिटरीला द्या, बघा कसं चार दिवसांत होतं ते!’ ही सूचना. टाकळ्याची निदान भाजी तरी होते. सूचनेचं काहीच होत नाही, ती पुढच्या आषाढात पुन्हा उगवते.

यंदा ती आमच्या घरच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर उगवली. भाच्याने एक चित्र पाठवलं होतं. दुथडी भरलेली नदी, तिच्यावर लोखंडी पूल, पुलावर जवान, आणि खाली मजकूर : सगळं लष्कराच्या ताब्यात द्या, देश सुधारेल. त्याखाली तीस-चाळीस अंगठे. त्यात मावशीचा अंगठा दिसला नाही म्हणून भाच्याने विचारलं, “मावशी, तुला अभिमान नाही का वाटत?” वाटतो की! पूल बांधणाऱ्या जवानांचा वाटतो. त्यांना बोलावण्याची वेळ ज्यांनी आणली, त्यांचा वाटत नाही. एवढ्याने त्याचं समाधान झालं नाही, म्हणून हा लेखप्रपंच. तेव्हा बाळा, तू आणि तुझे ते चाळीस अंगठे, जरा बसा आणि वाचा.

आधी आपल्या घराजवळचं उदाहरण घेऊ. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं मेली. तिथे रुंद पूल हवा हे रोज जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि नवा पूल कागदावर मंजूरही झालेला होता. त्यानंतर महिन्याभराने, ३१ ऑक्टोबरला, मुख्यमंत्री, रेल्वेमंत्री आणि संरक्षणमंत्री तिघेही तिथे आले आणि जाहीर झालं की तीन पादचारी पूल लष्कर बांधणार. एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली. आंबिवली म्हणजे आपल्याच कसारा लायनीवरचं, शहाड आणि टिटवाळ्याच्या मधलं. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सनी काम हाती घेतलं आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी पूल खुले झाले. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले.

काम चोख झालं, ह्यात वाद नाही. पण मला त्या दिवशी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. का, ते सांगते. ज्या रेल्वेने १८६५ साली थळ घाट फोडून कसाऱ्याहून इगतपुरीला गाडी चढवली, त्या रेल्वेला एकविसाव्या शतकात रुळांवरून पलीकडे जायला एक जिना-पूल बांधता येत नाही? येतो. तिच्याकडे इंजिनियर आहेत, लोखंड आहे, पैसा आहे. मग लष्कर कशाला? तर तेवीस माणसं मेल्यावर ‘आम्ही काहीतरी करतोय’ हे दाखवायला हिरव्या गणवेशासारखा दुसरा पडदा नाही. त्या पडद्यामागे एक साधा प्रश्न गडप झाला : आधीचा मंजूर पूल कुणाच्या टेबलावर पडून होता? तो प्रश्न विचारणारे त्या दिवसापासून ‘जवानांच्या कामात खोट काढणारे’ ठरले. युक्ती नामी आहे!

आता हे लष्करी पूल म्हणजे काय प्रकरण असतं ते थोडं समजून घेऊ. (मी इंजिनियर नाही. पण शाळेत सगळे विषय शिकवलेल्या मास्तरणीला कुठलाही विषय वर्ज्य नसतो!)

आपण ज्याला सरसकट ‘मिलिटरीचा पूल’ म्हणतो तो बहुधा बेली ब्रिज असतो. डोनाल्ड बेली नावाच्या इंग्रज इंजिनियरने दुसऱ्या महायुद्धात त्याची रचना केली. त्याचा जीव आहे एका लोखंडी चौकटीत. दहा फूट लांब, पाच फूट उंच, वजन साधारण २६० किलो, म्हणजे सहा जवानांनी मिळून उचलावी अशी. अशा चौकटी एकीला एक लावून जाड खिळींनी जोडत जायच्या. नदी रुंद असेल किंवा वरून जाणारं वजन जास्त असेल तर त्याच चौकटी दुहेरी-तिहेरी लावायच्या, एकीवर एक चढवायच्या. गंमत अशी की पलीकडच्या काठावर कुणीही नसलं तरी चालतं. अलीकडेच पूल जोडायचा, त्याला पुढे हलकं नाक लावायचं, मागे वजन ठेवायचं आणि सगळा सांगाडा रुळांवरून हळूहळू पुढे ढकलायचा. नाक पलीकडे टेकलं की काम फत्ते. मोठी क्रेन नको, नदीत खांब नकोत. लहान मुलांचा मेकॅनो आठवा, तोच पण माणसांनी खेळायचा.

दुसरा प्रकार तरंगत्या पुलांचा. पाण्यात पोकळ पिंपांसारखे तराफे ओळीने उभे करायचे आणि त्यांच्यावर रस्ता टाकायचा. तिसरा प्रकार ट्रकवर घडी घालून नेलेला, जागेवर जाऊन उलगडणारा. आपल्या पुण्यातल्या दिघीच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने ‘सर्वत्र’ नावाचा असा पूल तयार केला. त्याचे पंधरा-पंधरा मीटरचे पाच तुकडे जोडले की ७५ मीटर रुंदीचं पात्र ओलांडता येतं आणि वरून रणगाडा जातो. अलीकडे, २०२३ साली, संरक्षण खात्याने ४६ मीटर लांबीच्या नव्या जोडपुलांचे ४१ संच मागवले, २५८५ कोटींचे. त्यांचीही रचना दिघीचीच. खडकीला सॅपर्स, दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, दिघीला संशोधन. म्हणजे माळशेज चढून पलीकडे उतरलं की ह्या विद्येचं माहेरघरच आहे म्हणा ना.

मग लष्कर इतक्या झटपट पूल बांधतं त्याची कारणं कोणती? चमत्कार तर नक्की नाही.

पहिलं कारण, सामान आधीच तयार असतं. नदीला पूर आल्यावर लोखंड शोधत कुणी फिरत नाही. दुसरं, माणसं शिकलेली असतात. प्रत्येकाला आपण कुठली चौकट कुठल्या बाजूने उचलायची हे पाठ असतं, आणि काही काम नसतानाही ती जोडायचा-सोडायचा सराव चालू असतो. तिसरं, हुकूम एकाचा असतो. आणि चौथं, जे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं : पूल टाकण्याआधी वरून काय जाणार हे मोजलेलं असतं. लष्करी पुलाजवळ पिवळ्या गोल पाटीवर काळा आकडा लिहिलेला असतो. तो त्या पुलाचा भार-वर्ग. प्रत्येक वाहनालाही तसाच आकडा असतो. वाहनाचा आकडा मोठा आणि पुलाचा लहान, तर जायचं नाही. साहेब असलात तरी नाही.

ह्या चार कारणांतलं एकही बंदुकीवर अवलंबून नाही. सामानाचा साठा, सराव, एक जबाबदार माणूस आणि आधी केलेली मोजणी. हे जिल्हा परिषदेला का जमू नये?

“टेंडर असतं ना मावशी, टेंडर! लष्कराला टेंडर नाही, म्हणून जमतं.” हा भाच्याचा हुकमी एक्का. लष्कराच्या चौकटी काय झाडाला लागतात? त्यांचीही खरेदी होते, रीतसर आणि वर्षानुवर्षं चालणारी. फरक एवढाच की ती युद्धाच्या आधी होते. आणि आपत्तीच्या वेळी टेंडरची वाट न पाहता वस्तू घेण्याची सोय आपल्या नागरी कायद्यातही आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ५० काढून वाचा. अधिकार आहे. तो वापरून सही करायला हात धजत नाही, ही गोष्ट निराळी.

नागरी खात्यांना जमत नाही हेही खोटं आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या वेळचा पूल कोसळला, दोन एसट्या आणि इतर वाहनं माणसांसकट वाहून गेली. त्या जागी नवा, कायमचा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. तो लष्कराने बांधला नाही. २०२५ च्या महाकुंभात प्रयागला तीस तरंगते पूल होते, ते उत्तर प्रदेशच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने टाकले. म्हणजे जिथे करायचंच असतं तिथे होतं. कुंभाची तारीख पंचांगात ठरलेली असते, ती पुढे ढकलता येत नाही. पावसाळ्याची तारीखसुद्धा ठरलेलीच आहे की! मृग दरवर्षी जूनच्याच पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लागतो. मग आमचा साकव दर वर्षी ‘पुढील आर्थिक वर्षात’ का जातो?

खरी आपत्ती असेल तर लष्कराला जरूर बोलवावं, तिथे दुमत नाही. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये डोंगर खाली आला, गावंच्या गावं गाडली गेली, चुरलमलाचा पूल वाहून गेला आणि पलीकडच्या मुंडक्काईशी संबंध तुटला. मद्रास सॅपर्सनी १ ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत तिथे १९० फुटी बेली ब्रिज उभा केला, २४ टन पेलणारा. त्या कामावर मेजर सीता शेळके होत्या, पारनेर तालुक्यातल्या गाडीलगावच्या. आमच्या मुरबाडवरून जाणारा रस्ता माळशेज चढून, आळेफाट्यावरून त्यांच्याच तालुक्यातून नगरला जातो (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय). तो फोटो पाहून माझा ऊर भरून आला होता. एका खेड्यातल्या मुलीने तिकडे परमुलखात लोकांना अलीकडे आणलं. हे लष्कराचं काम. नागरी यंत्रणेची ताकद जिथे संपते, तिथे त्यांनी यायचं. पण आमच्याकडे ताकद लावण्याआधीच ती संपलेली असते, त्याचं काय करायचं?

आणि एकदा बोलवायची सवय लागली की कशालाही बोलावलं जातं. २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला, लष्कराला बोलावलं. २०१६ च्या मार्चमध्ये यमुनेच्या पूरमैदानात आर्ट ऑफ लिव्हिंगचा विश्व सांस्कृतिक महोत्सव झाला, त्यासाठी लष्कराने तरंगते पूल टाकून दिले. संसदेत गदारोळ झाला तो रास्तच होता. शत्रूची नदी ओलांडायला घेतलेले तराफे सोहळ्याच्या गर्दीसाठी! त्या गर्दीतल्या कुणाचं त्या दिवशी ओलांडल्यावाचून काय अडलं होतं? आणि आमच्या डोंगराकडेच्या पाड्यातल्या बाळंतिणीचं काहीच अडत नाही?

आता आमच्या तालुक्यांकडे या. इथे नद्या काही कमी नाहीत. भातसा, काळू, शाई, तानसा, वैतरणा, शिवाय नावं नसलेले शेकडो ओहोळ. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीने कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या रायता पुलाची दैना केली आणि मुरबाडचा रस्ता बंद पडला. २०२१ च्या जुलैत भातसेच्या पुरात शहापूर-मुरबाड रस्त्यावरचा सापगावचा पूल पाण्याखाली गेला. पण हे मोठे रस्ते. त्यांची बातमी तरी होते आणि दुरुस्तीही होते, आज ना उद्या. मी बोलतेय ते आतल्या पाड्यांबद्दल. ठाकरांचे पाडे, कातकऱ्यांच्या वाड्या, पंधरा-वीस घरं, मध्ये एक ओहोळ. उन्हाळ्यात त्यात पाय बुडत नाही, श्रावणात माणूस बुडतो.

ह्याच तालुक्यातून मुंबईला पाणी जातं. तानसा १८९२ पासून, मग मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा. तानसाचे ते अजस्र नळ पाहिलेत ना? वाटेत ओहोळ आला, नाला आला, खाडी आली, तर नळ खांबांवरून, पुलावरून पलीकडे जातो. पाण्याचा नळ पाण्यात भिजू नये ह्याची व्यवस्था सव्वाशे वर्षांपासून चोख आहे. आणि त्याच मुलखातलं पोर दप्तर डोक्यावर धरून, चड्डी काखेत मारून ओहोळ ओलांडतं. मुंबईकरांवर माझा राग नाही, पाणी सगळ्यांना लागतं. पण तहान मोजली गेली आणि पोर मोजलं गेलं नाही, हे कबूल करायला काय हरकत आहे?

मोजणीचा मुद्दा मी उगाच ताणत नाही. माझ्या नोकरीतली बरीच वर्षं अशा शाळेत गेली जिथे अर्धी मुलं ओहोळापलीकडून यायची. माझं हजेरीपत्रक जूनपर्यंत भरलेलं आणि जुलै-ऑगस्टात उंदरांनी कुरतडल्यासारखं. ‘गैरहजर’, ‘गैरहजर’, ‘गैरहजर’. त्यातली एक ठाकराची मुलगी, पाढे तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखं. चौथीच्या वर्षी तिचे पावसाळ्यातले जवळजवळ दोन महिने बुडाले, आणि दिवाळीनंतर आईने तिला धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवलं, ती कायमचीच. गावाने साकवासाठी अर्ज केला होता. अर्ज मीच लिहून दिला, हजेरीपत्रकाचा उतारा जोडून. एका कार्यालयातून उत्तर आलं की सदर ठिकाणी पुरेशी वाहतूक नसल्याने प्रस्ताव विचारात घेता येत नाही. आहे की नाही मजा? पूल नाही म्हणून वाहतूक नाही, आणि वाहतूक नाही म्हणून पूल नाही! व्याकरणात अशा वाक्याला मी लाल शाईची खूण केली असती. सरकारी कागदावर त्याला जावक क्रमांक मिळतो.

हे एका कारकुनाचं पाप नाही, पद्धतच अशी आहे. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत आदिवासी भागासाठी लोकवस्तीची अट सर्वसाधारणपणे २५० ची आहे, सपाटीवर ५०० ची. वीस घरांचा पाडा २५० कुठून आणणार? म्हणजे तो मोजणीच्या खालीच राहतो. लष्करात असं चालत नाही. पलीकडच्या चौकीत दहाच जवान असले तरी त्यांच्यापर्यंत वाट नेलीच पाहिजे, त्यांचं राशन पोचलंच पाहिजे. दहा जवानांना जो न्याय, तो वीस घरांना का नको? ‘मिलिटरीसारखं काम करा’ असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं, पण त्याचा अर्थ हा घ्यावा.

आता दुसऱ्या टोकाच्या उत्साही मंडळींनाही दोन शब्द. ‘मग प्रत्येक ओढ्यावर टाका बेली ब्रिज’ हेही उत्तर नव्हे. हा पूल मुळात तात्पुरता. त्याच्या खिळी, बोल्ट, फळ्या सतत तपासाव्या लागतात आणि भाराचा आकडा पाळावा लागतो. २०२० च्या जूनमध्ये उत्तराखंडात मुन्सियारीजवळ पोकलेन लादलेला ट्रक एका बेली ब्रिजवर चढला आणि पुलासकट खाली गेला. पुलाने फसवलं नाही, पाटीवरचा आकडा कुणी मानला नाही. आणि घाईने टाकलेल्या लोखंडाचं काय होतं तेही आपण पाहिलंय. त्र्यंबकेश्वरकडच्या शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीवरून लाकडाच्या ओंडक्यावर चालत पाणी आणताना फोटोत दिसल्या, राज्यभर हळहळ झाली, लगबगीने लोखंडी पूल झाला, जानेवारी २०२२ मध्ये मंत्र्यांची भेटही झाली. त्याच वर्षीच्या जुलैत पूर आला आणि तो पूल गेला. फोटो पाहून बांधलेला पूल फोटोपुरताच टिकतो. नदीचं पावसाळ्यातलं पाणी कुठवर चढतं हे त्या ओंडक्यावरून चालणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिने बोटाने दाखवलं असतं.

आणि १५ जून २०२५ ला इंद्रायणीवर कुंडमळ्याला काय झालं? जुना लोखंडी पूल धोकादायक आहे हे माहीत होतं, तशी पाटीही होती. रविवारची गर्दी त्यावर चढली आणि चार जीव गेले. पाटी लावली की आपली जबाबदारी संपली असं ज्यांना वाटतं, त्यांनी लष्करी पुलाच्या तोंडाशी उभा असलेला जवान आठवावा. तिथे आकड्याच्या पाटीशेजारी ‘थांब’ म्हणणारा माणूसही असतो.

नुसतं नावं ठेवून उठणं मास्तरणीला शोभत नाही. म्हणून माझं म्हणणं तीन कलमांत मांडते.

एक. ठाणे जिल्ह्याने शहापूर आणि मुरबाड ह्या दोन तालुक्यांसाठी जोडपुलांचा लहानसा साठा स्वतःचा ठेवावा. ह्या चौकटी लष्कराबाहेरही मिळतात. कोलकात्याची गार्डन रीच ही सरकारी कंपनी त्या बनवते आणि विकते. मोठा पूल खचला तर त्यावर हाच उपाय, महिनोन्‌महिने वळसा नव्हे.

दोन. त्या जोडायला माणसं इथलीच शिकवा. आयटीआयमधली पोरं, बांधकाम खात्याचे मजूर, निवृत्त जवान (आपल्याकडे गावोगाव आहेत). दरवर्षी मे महिन्यात एकदा पूल जोडून, त्यावरून ट्रॅक्टर नेऊन, पुन्हा सोडून ठेवायचा. सरावाविना साठा म्हणजे भंगार.

तीन, आणि हेच मुख्य. आतल्या पाड्यांसाठी कायमचे साकव. कोकणात हा शब्द आणि ही सरकारी योजना दोन्ही आहेत. त्यासाठी वाहतूक मोजू नका, हजेरीपत्रक मोजा. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेकडे जुलै-ऑगस्टची हजेरी आहे, प्रत्येक आरोग्य उपकेंद्राकडे बाळंतपणाच्या नोंदी आहेत. ज्या पाड्याची हजेरी पावसात गळते आणि जिथून बाई झोळीत घालून आणावी लागते, तो पाडा यादीत वर. ती यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, पुढे तारीख लिहा, तारखेपुढे जबाबदार अधिकाऱ्याचं पद लिहा. लष्कराकडून उसना घ्यायचाच असेल तर हा शेवटचा रकाना उसना घ्या.

भाच्या, तुझ्या चित्रातला तो जवान पूल बांधून परत बराकीत जातो. पुलावरून रोज जायचं असतं ते आपल्याला. त्याचं काम त्याने केलं. तेव्हा पुढच्या वेळी तसलं चित्र पाठवशील तेव्हा खाली एवढंच लिही की आपल्या तालुक्याची यादी लागली का, आणि नसली लागली तर सोमवारी पंचायत समितीत कोण कोण येणार. त्याला मी पहिला अंगठा देईन, आणि सोमवारी येईनही. गुडघे दुखतात, पण जिने चढता येतात अजून.

असो. फार लांबलं. कुणाला पटलं नसेल तर जरूर लिहा, पण मुद्द्याला धरून. आणि तुमच्या गावाकडच्या एखाद्या ओहोळाची गोष्ट माहीत असेल तर ती आधी लिहा.